टायट्रेशन येतं, आम्ल कळत नाही : बीएस्सीच्या मुलांच्या डोक्यातलं ॲसिड-बेस

रसायनी

२५ मिली ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल, मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक संख्या) हायड्रोक्लोरिक ॲसिड (एचसीएल) एका कोनिकलमध्ये (निमुळत्या काचेच्या चंबूत), २५ मिली ०.१ मोलर ॲसेटिक ॲसिड दुसऱ्या कोनिकलमध्ये. ब्युरेटमध्ये (थेंब थेंब सोडायच्या मापाच्या नळीत) ०.१ मोलर कॉस्टिक सोडा. ॲसिड पूर्ण मारायला सोडा कुठे जास्त लागेल?

बडोद्यात बीएस्सीच्या मुलांना शिकवते. नवी बॅच आली की पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न विचारते आणि बहुतेक हात "एचसीएलला जास्त" या बाजूने वर येतात. कारणही ठासून सांगतात : ते स्ट्राँग (पाण्यात पूर्ण फुटून आयन होणारं) आहे, त्यात हायड्रोजन आयन जास्त, म्हणून सोडाही जास्त. खरं उत्तर, दोन्हीकडे २५ मिली. काळजी वाटते ती यापुढच्या गोष्टीची. या मुलांनी दोन्ही टायट्रेशनं (ॲसिड मारायला नेमका किती सोडा लागतो ते मोजणं) स्वतःच्या हातांनी केलेली असतात. रीडिंग २५च्या आसपास आलेलं असतं, जर्नलवर सही झालेली असते. तरी उत्तर चुकतं. ब्युरेटवर डोळ्यांनी पाहिलेला आकडा डोक्यातल्या चित्रापर्यंत पोचलेलाच नसतो.

मला दिसणारे बाकीचे गैरसमज सांगते. न्यूट्रलायझेशन झालं म्हणजे पीएच (सुट्या हायड्रोजन आयनांच्या प्रमाणाचा उणे लॉग; आयन दसपट वाढले की तो एकाने उतरतो) ७ झालाच पाहिजे. (ॲसेटिक ॲसिडच्या वरच्या टायट्रेशनमध्ये इक्विव्हॅलन्स पॉइंटला, म्हणजे ॲसिड आणि सोडा बरोबरीत आले तिथे, तो ८.७ असतो. म्हणून तर रंग बदलून शेवट दाखवायला फिनॉल्फ्थॅलीन वापरतो, मेथिल ऑरेंज ३.१ ते ४.४मध्येच रंग बदलून मोकळं होतं.) डायल्यूट केलं की स्ट्राँग ॲसिड वीक होतं. पीएच शून्याखाली जात नाही आणि १४च्या वर जात नाही. १०⁻⁸ मोलर एचसीएलचा पीएच ८. हे शेवटचं उत्तर मुलं न अडखळता लिहितात. पाण्यात ॲसिड घातलं आणि पाणी बेसिक झालं, हे आपण काय लिहितोय असं त्यांना वाटतच नाही. पाण्याचे स्वतःचे आयन धरले की उत्तर ६.९८ येतं.

माझं मत असं झालंय की यातले बरेचसे गैरसमज एकाच ठिकाणाहून निघतात. द्रावणात ॲसिड एकूण किती आहे आणि त्यातलं या क्षणी सुटं किती झालंय, या दोन वेगळ्या गोष्टी मुलांच्या डोक्यात एक होऊन बसतात. एकदा त्या एक झाल्या की सूत्रं कितीही पाठ करून घ्या, उपयोग नाही.

इथे शिकवणारे, शिकणारे, कारखान्यात काम करणारे बरेच जण आहेत. तुम्हाला काय दिसतं? आणि हे चित्र मोडायचं कसं?

---

नंदेसरीचा केमिस्ट

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी बडोद्याजवळच्या नंदेसरीला एफ्लुएंट ट्रीटमेंटवर (कारखान्यांच्या सांडपाण्यावरच्या प्रक्रियेवर) काम करतो आणि नव्याने लागलेली पोरं नेमकी इथेच अडकतात, फक्त उलट्या बाजूने.

समजा दोन टाक्या आहेत, प्रत्येकी १००० लिटर. दोन्हींचा पीएच मीटरवर ३. एकीत एचसीएल आहे, दुसरीत ॲसेटिक ॲसिड. चुना किती लागेल? पोरगा म्हणतो, साहेब पीएच सारखा, मग चुनाही सारखा.

एचसीएलच्या टाकीत ॲसिड ०.००१ मोलर, म्हणजे पूर्ण टाकीत १ मोल. तिला विझलेला चुना ३७ ग्रॅम पुरतो. ॲसेटिकचा केए (ॲसिड किती फुटतं ते सांगणारा स्थिरांक) १.८ × १०⁻⁵. त्याला पीएच ३वर आणायला द्रावण ०.०५७ मोलरच्या आसपास असावं लागतं, म्हणजे टाकीत जवळजवळ ५७ मोल. तिला चुना लागतो २ किलोच्या वर. पीएच तोच आणि चुना सत्तावन्न पट!

अंदाज चुकला की काय होतं तेही सांगतो. एचसीएलच्या पाण्यात चुना थोडा जास्त पडला की पीएच एकदम ११च्या वर उडी मारतो. मग ॲसिड घाला, मग परत चुना, आणि गाळ वाढत राहतो. ॲसेटिकच्या पाण्यात उलट : चुना घालत राहा, काटा हलतच नाही, पोराला वाटतं मीटर बिघडला. मीटर ठणठणीत असतो. ॲसेटिक आणि ॲसिटेट (हायड्रोजन आयन सुटल्यावर उरलेला आयन) मिळून बफर, म्हणजे पीएचचा बदल रोखून धरणारं मिश्रण, झालेला असतो आणि काटा ४.७६च्या आसपास रेंगाळतो.

सांडपाणी बाहेर सोडताना पीएच ५.५ ते ९च्या आत असावा लागतो. बडोद्याच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी ५५ किलोमीटरच्या आसपास लांबीच्या कालव्यातून खंभातच्या आखाताकडे जातं, १९८३पासून. कालवा शेतांमधून जातो. त्यामुळे "पीएच म्हणजे ॲसिडचं प्रमाण" ही समजूत आमच्याकडे नुसती मार्क घालवणारी गोष्ट राहत नाही.

---

तिसरं वर्ष

ताई, मी विद्यार्थी आहे, म्हणून आमची बाजू सांगते. पेपरात प्रश्न येतो : ०.१ मोलर ॲसेटिक ॲसिडचा पीएच काढा. आम्ही केए गुणिले सी (मोलर प्रमाण), त्याचं वर्गमूळ, त्याचा लॉग, उत्तर २.८८. पूर्ण मार्क. ते वर्गमूळ कुठून आलं ते कुणी विचारत नाही. आणि "सोडा कुठे जास्त लागेल" असा प्रश्न पेपरात मी आजवर पाहिलेला नाही.

पण माझी खरी अडचण वेगळी आहे. ०.१ मोलर ॲसेटिकमध्ये फक्त १.३ टक्के रेणू आयनाइझ झालेत, हे मला येतं. म्हणजे सोड्याशी लढायला फक्त १.३ टक्केच हायड्रोजन आयन आहेत ना? मग पूर्ण २५ मिली कशाला लागतात? उत्तर मला माहीत आहे, पण ते पटत नाही.

---

रसायनी

हा प्रश्न मला वर्गात कुणी विचारला तर मी त्या दिवसाचा तास त्यालाच देईन. नीट सांगायचा प्रयत्न करते.

पंगत डोळ्यांपुढे आण. ताटात भात थोडाच वाढलेला असतो, पण मोठं पातेलं मागे भरलेलं आहे. ताटातला भात संपला की वाढपी पुन्हा वाढतो. पीएच मीटर फक्त ताटात बघतो. सोडा मात्र पातेलं रिकामं होईपर्यंत जेवत राहतो. सोड्याने सुटे हायड्रोजन आयन खाल्ले की समतोल ढळतो, आणखी ॲसेटिकचे रेणू फुटतात, तेही खाल्ले जातात, असं शेवटच्या रेणूपर्यंत. ०.१ मोलरच्या २५ मिलीत २.५ मिलिमोल ॲसिड आहे, मग ते एचसीएल असो की ॲसेटिक. सोडाही २.५ मिलिमोलच लागणार.

एका ठिकाणी हे उदाहरण तोकडं पडतं, आणि ते मुद्दाम लक्षात ठेव. पंगतीत ताटातला भात कुणी परत पातेल्यात टाकत नाही. द्रावणात मात्र ते सतत चालू असतं : रेणू फुटतात, आयन परत जुळतात. १.३ टक्के म्हणजे ठरावीक रेणू कायमचे फुटलेत आणि बाकीचे कधीच फुटणार नाहीत, असं नाही. कोणत्याही क्षणी मोजलं तर इतके सुटे सापडतील, पुढच्या क्षणी ते दुसरेच असतील. तुझं अडणं बहुधा इथे आहे. ते ९८.७ टक्के तुला कुलूप लावून ठेवलेले वाटतात.

आता तुला एक काम. तेच ॲसेटिक १०० पट डायल्यूट कर, ०.००१ मोलर. किती टक्के आयनाइझ होईल ते काढ. वर्गमूळाचं शॉर्टकट सूत्र वापरू नको, वर्गसमीकरण सोडव.

---

तिसरं वर्ष

काढलं. १२.५ टक्के. पीएच ३.९०.

म्हणजे आयनाइझ होण्याचं प्रमाण वाढलं, पण पीएच तर २.८८वरून वर गेला. ॲसिड जास्त फुटलं तरी द्रावण कमी आम्ल झालं? आणि केए तोच, १.८ × १०⁻⁵?

---

रसायनी

हो. टक्केवारी वाढली, सुट्या आयनांची संख्या घटली, केए जागचा हलला नाही. या तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत हे ज्याला पटलं त्याला हा धडा आला. आणखी एक बघ : १०० पट डायल्यूट करूनही पीएच एकानेच वाढला. एचसीएल असतं तर दोनने वाढला असता.

---

जुनी लॅब

निवृत्त प्राध्यापक आहे, आता बडोद्यातच फतेगंजला राहतो. चर्चा मनापासून आवडली, पण एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. "एकूण किती आणि सुटं किती" हे मूळ आहेच, पण त्याच्याही आधी एक गोंधळ होऊन गेलेला असतो आणि तो आपण शिकवणारेच घालतो.

आरेनियसचा आयनीभवनाचा प्रबंध १८८४चा. त्या माणसाला १९०३मध्ये नोबेल मिळालं. पीएचची मोजपट्टी सोरेनसनने १९०९मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. ब्रॉन्स्टेड आणि लॉरी यांची प्रोटॉनची, म्हणजे हायड्रोजन आयनाची, व्याख्या (ॲसिड तो देतं, बेस घेतो) १९२३ची आणि लुईसची इलेक्ट्रॉन-जोडीची व्याख्याही (ॲसिड जोडी घेतं, बेस देतो) त्याच वर्षाची. जगाला या वाटेवर चाळीस वर्षं लागली. आपण तिन्ही व्याख्या एका तासात फळ्यावर तीन रकान्यांत लिहितो. मुलगा त्यांतली पहिली, आरेनियसची, घट्ट धरतो, उरलेल्या दोन परीक्षेपुरत्या. त्याच्या मनात कायम राहतं ते एवढंच : सूत्रात एच असेल तर ॲसिड, ओएच असेल तर बेस.

मी व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बोरिक ॲसिड विचारायचो. कॅरमवर टाकतो ती पावडर, सगळ्यांच्या हाताला लागलेली. सूत्र लिहायला सांगायचं : बोरॉनला तीन ओएच. मग विचारायचं, हे बेस का नाही? मुलगा थांबायचा. दुसरा धीट असेल तर म्हणायचा, सर, त्यातले तीन एच निघतात, म्हणजे हे ट्रायबेसिक ॲसिड. तेही चूक. बोरिक ॲसिड स्वतःचा प्रोटॉन देतच नाही. ते पाण्यातला हायड्रॉक्साइड आपल्याकडे ओढून घेतं आणि प्रोटॉन मागे उरतो तो पाण्याचा. म्हणून ते एकच आम्लता दाखवतं, तीही अगदी मंद, पीकेए (केएचा उणे लॉग; जितका मोठा तितकं ॲसिड वीक) ९.२. सरळ टायट्रेट करायला गेलात तर एंड पॉइंट सापडत नाही. मॅनिटॉल किंवा ग्लिसरॉल घातलं की सुरेख सापडतो. या एका पदार्थात तिन्ही व्याख्या कामाला लागतात, आणि तिसरी का आणावी लागली तेही कळतं.

अमोनियाचंही तसंच. सूत्रात ओएच नाही, मग बेस कसा? यावर तोड म्हणून आपण बाटलीवर अमोनियम हायड्रॉक्साइड लिहितो आणि मुलाला वाटतं की बाटलीत तसे रेणू भरलेत. बाटलीत जवळजवळ सगळा अमोनियाच असतो, पाण्यात विरघळलेला. ०.१ मोलर द्रावणात १.३ टक्क्यांच्या आसपास अमोनियम आयन, बस. इथेही ताईंचा मुद्दा येतोच.

बडोद्याला हे परकं नाही. इथे १८९०मध्ये कलाभवन निघालं आणि त्रिभुवनदास गज्जरांनी कापड रंगवण्याचं रसायन शिकवलं. रंगाऱ्याला आम्लाची नीट समज नसेल तर रंग कापडाला धरत नाही. त्या गावात आज मुलाने नुसत्या सूत्राकडे बघून ॲसिड ठरवावं, याचं मला वाईट वाटतं.

---

मांजलपूर

प्राध्यापक काकांच्या मुद्द्याला जोडून. "वीक ॲसिडचा कॉन्ज्युगेट बेस (प्रोटॉन दिल्यावर उरतो तो) स्ट्राँग" हे वाक्य माझ्या मुलीच्या वहीत लाल पेनाने अधोरेखित केलेलं आहे. हे बरोबर आहे का? तिच्या क्लासमध्ये असंच लिहून दिलंय.

---

जुनी लॅब

तसं लिहिलेलं चूक आहे. ॲसिड जितकं वीक तितका त्याचा कॉन्ज्युगेट बेस तुलनेने जोरदार, एवढंच खरं. ॲसिटेट आयन बेस आहे, पण त्याचा केबी (बेससाठीचा केएसारखाच स्थिरांक) ५.६ × १०⁻¹⁰. याला स्ट्राँग कोण म्हणेल? हायड्रोसायनिक ॲसिड ॲसेटिकपेक्षा खूपच वीक. त्याच्या सायनाइड आयनाचा केबी १.६ × १०⁻⁵, म्हणजे अमोनियाच्या जवळपास. तोसुद्धा वीक बेसच. मुलीला सांगा, ॲसिडचा केए आणि त्याच्या कॉन्ज्युगेट बेसचा केबी यांचा गुणाकार २५ अंशांना १०⁻¹⁴ असतो, हे एकच वाक्य लिही आणि आकडे घालून बघ. लाल रेघेचं वाक्य खोडून टाकायला सांगा.

---

गरम पाणी

त्या "२५ अंशांना" वर एक प्रश्न. आमच्या लॅबमध्ये डिस्टिल्ड वॉटर गरम असताना पीएच घेतला, ६.६ आला. सर म्हणाले, पाणी ॲसिडिक झालंय, कार्बन डायऑक्साइड विरघळला असेल. पाणी तर नुकतंच उकळून घेतलेलं होतं.

---

रसायनी

उकळलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड फारसा उरत नाही. तुमचं पाणी बहुधा न्यूट्रलच होतं. पाण्याचं आयनीभवन उष्णता शोषून होतं, म्हणून तापमान वाढलं की केडब्ल्यू (पाण्यातल्या हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयनांच्या प्रमाणांचा गुणाकार) वाढतो. ६० अंशांना शुद्ध पाण्याचा पीएच ६.५ असतो, १०० अंशांना ६.१. हायड्रोजन आयन वाढले, पण हायड्रॉक्साइडही तितकेच वाढले. दोन्ही सारखे, म्हणजे न्यूट्रल. ७ हा फक्त २५ अंशांचा आकडा आहे. शरीराच्या ३७ अंशांनासुद्धा न्यूट्रल पीएच ६.८ असतो. एक मात्र तपासा : मीटर कोणत्या तापमानाला कॅलिब्रेट केला होता आणि त्यात तापमानाची दुरुस्ती चालू होती का? ते माहीत नसताना ६.६वर फार विसंबू नका. शिवाय शुद्ध पाण्याचा पीएच घेणं मुळातच अवघड, कारण त्यात आयन जवळजवळ नसतात आणि काटा स्थिर राहत नाही.

याच ओघात १४च्या पट्टीबद्दल. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन खाणीत झिरपणाऱ्या पाण्याचा पीएच उणे ३.६ मोजलेला आहे. पट्टीला दोन्ही टोकांना भिंत नाही. शाळेच्या तक्त्यावर शून्य ते १४ रंगवतात, आणि तो तक्ता डोक्यातून कधी उतरत नाही.

---

औषधशाळा

फार्मसी शिकवतो. आमच्याकडचा हट्टी गैरसमज : बफर म्हणजे ज्याचा पीएच बदलत नाही ते, किंवा बफर म्हणजे न्यूट्रल द्रावण. एका लिटरमध्ये ०.१ मोल ॲसेटिक आणि ०.१ मोल सोडियम ॲसिटेट घ्या, पीएच ४.७६. हे न्यूट्रल नाही, चांगलं आम्ल आहे. त्यात ०.०१ मोल एचसीएल घाला, ४.६७ होतो. बदलला की! तेवढंच एचसीएल एक लिटर पाण्यात घातलं तर पीएच ७वरून २वर कोसळतो. ०.१ मोलच्या वर घाला, बफर संपला.

हुशार मुलांना मी पुढचा प्रश्न देतो. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५, बायकार्बोनेटचा पीकेए ६.१. पीकेएपासून इतक्या लांब बफर चांगला चालत नाही असं पुस्तक सांगतं, मग रक्तात तो कसा चालतो? बंद चंचुपात्राचा विचार करणारा इथे अडतो. शरीर उघडं आहे. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड फुप्फुसं बाहेर टाकतात, बायकार्बोनेट मूत्रपिंडं सांभाळतात, म्हणून बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांचं २० : १ हे प्रमाण टिकून राहतं.

---

नंदेसरीचा केमिस्ट

एक अतिशय गंभीर गोष्ट राहिली. "वीक ॲसिड, म्हणजे कमी धोक्याचं." हायड्रोफ्लोरिक ॲसिडचा पीकेए ३.२, पुस्तकाप्रमाणे वीक. त्याचे न फुटलेले रेणू कातडीतून आत शिरतात, फ्लोराइड आत जाऊन कॅल्शियम बांधून ठेवतो, आणि सुरुवातीला बरेचदा दुखतही नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. थोड्या जागेवर लागलं तरी जीव जाऊ शकतो. जिथे हे ॲसिड वापरतात तिथे कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असावंच लागतं. लागलं की लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, जेल चोळायचं आणि वेळ न घालवता दवाखाना गाठायचा. वीक हा शब्द आयनीभवनाबद्दल आहे, धोक्याबद्दल नाही. शिकवणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगतो, केए शिकवता त्याच तासाला हे सांगा.

---

रसायनी

दादा, पुढच्या बॅचपासून हे पहिल्या तासालाच सांगेन.

मोडायचं कसं, यावर मी सध्या काय करते ते लिहिते. ब्युरेट उघडण्याआधी प्रत्येकाने उत्तर आणि कारण कागदावर लिहून माझ्याकडे द्यायचं. आधी लिहून दिलं नाही तर मुलं नंतर "मला तेच वाटलं होतं" म्हणतात, आणि तसं त्यांना मनापासून वाटतही असतं. मग टायट्रेशनऐवजी फुग्यांचा प्रयोग. दोन कोनिकल, एकात १०० मिली ०.५ मोलर एचसीएल, दुसऱ्यात तेवढंच ०.५ मोलर ॲसेटिक. दोन सारख्या फुग्यांत प्रत्येकी ०.८ ग्रॅम मॅग्नेशियमची फीत भरायची, फुगे तोंडांना लावायचे आणि फीत एकदम आत सोडायची. एचसीएलचा फुगा भराभर टम्म होतो. ॲसेटिकचा आळसावल्यासारखा वाढतो. सगळे म्हणतात, बघा, आम्ही सांगितलं होतं. त्यांना थांबवायचं, दुसरा विषय शिकवायचा आणि तासाच्या शेवटी परत बघायचं. दोन्ही फुगे जवळजवळ सारखे, ६०० मिलीच्या आसपास. त्यानंतर वर्गात जो वाद होतो त्यात मी पडत नाही, कागद परत वाटते.

हायड्रोजन आहे, त्यामुळे बर्नर, काडेपेटी, काही जवळ नको. चष्मे घालायचे.

---

तिसरं वर्ष

ताई, आम्ही तिघींनी लॅबमध्ये परवानगी घेऊन केला. सुरुवातीला एचसीएलचा फुगा थोडा मोठाच राहिला, मला वाटलं चुकलं. कोनिकल हाताला चांगलाच गरम लागत होता. थंड झाल्यावर फरक दिसेनासा झाला. पण ॲसेटिकमध्ये शेवटी शेवटी बुडबुडे फारच मंदावले, फीत तर अजून शिल्लक होती. तास संपला तरी एखाददुसरा बुडबुडा येतच होता. हे का?

---

रसायनी

छान बघितलंत. ॲसिड संपत येतं तसं द्रावणात ॲसिटेट साठत जातं आणि पीएच ४.७६च्या पुढे चढू लागतो. सुटे आयन कमी, म्हणून वेग कमी. नंदेसरीच्या टाकीत काटा रेंगाळत होता तोच बफर तुमच्या कोनिकलमध्ये तयार झाला. फीत उरणारच होती : ०.०५ मोल ॲसिडला ०.६ ग्रॅम पुरतं, आपण ०.८ घेतलं होतं. पुढच्या वेळी फुगा न लावलेल्या कोनिकलमध्ये दर पाच मिनिटांनी पीएच पट्टी बुडवून आकडा लिहून ठेवा. आणि आलेख काढण्याआधी तो कसा दिसेल ते तिघींनी वेगवेगळं रेखाटून ठेवा, एकमेकींचं न बघता.